सांदवाडीतला पाळणा

मार्च लागला की अकोटातल्या घरांच्या वळचणीची जळमटे आपोआप विरळ होऊ लागतात. झाडू फिरलेला नसतो, वाराही सुटलेला नसतो. मागच्या दारात घटकाभर बसले की कारण दिसते. अंगठ्याएवढी एक मादी येते, हवेत थरथरत क्षणभर थांबते, बाकदार चोच जाळ्यात घालते, मान एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवते आणि चोचीला धाग्यांची गुंडी लावून निघून जाते. पाठ मातकट, पोट फिकट पिवळे. ही जांभळ्या शिंजिराची मादी. थोड्या वेळाने ती पुन्हा येते, त्याच कोपऱ्यात. कोळ्याचे जाळे हा तिच्या घराचा चुना आहे. अंडी, पिल्ले, चारा हे सगळे पुढचे. परसातल्या पाखरांचे बाळंतपण जळमटापासून सुरू होते.

वऱ्हाडात घरामागच्या मोकळ्या जागेला सांदवाडी म्हणतात. अकोटच्या जुन्या वस्तीत ती अजून टिकून आहे. न्हाणीचे पाणी मुरते तिथे कर्दळ आणि केळ, भिंतीला लागून गोडलिंब, एखादा जांब, सीताफळ, लिंबू, शेवगा, जास्वंद आणि कोपऱ्यात सरपणासाठी रचलेल्या पऱ्हाट्यांचा ढीग. त्या ढिगावर बहुधा दोडक्याचा नाहीतर वालाचा वेल चढलेला असतो. गावाच्या उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ आहे, दक्षिणेकडे पूर्णेचे सपाट काळे खोरे आणि त्यातला खारपाणपट्टा. डोंगर आणि कपाशी यांच्यामधल्या या गावात सावली आणि ओल यांची मोजकी ठिकाणे म्हणजे या सांदवाड्या. कडक उन्हाळ्यात शेते उघडी पडतात, नाले आटतात. न्हाणीच्या पाण्यावर जगणारी चार झाडे तेवढी हिरवी राहतात. पाखरे घरट्याची जागा इथे का शोधतात, याचे अर्धे उत्तर त्या न्हाणीच्या पाण्यात आहे. उरलेले अर्धे माणसाच्या वावरात. भांडी घासण्याचा आवाज जिथे दिवसभर येतो तिथे शिक्रा सहसा उतरत नाही.

शिंजिराचे घरटे वाकलेल्या फांदीच्या टोकाला, वेलीला, पुष्कळदा तर ओट्यावरच्या वायरला किंवा कपडे वाळत घालायच्या तारेला लोंबते. वीतभर लांबीची ती एक चिंधीसारखी पिशवी असते. गवताच्या काड्या, सालीचे तुकडे, वाळलेली पाने, अळ्यांची विष्ठा, कागदाचा कपटा, असे जे मिळेल ते जाळ्याने एकमेकांना चिकटवलेले. बाजूला दार आणि दारावर पुढे आलेली छोटी पडवी. खाली काही तुसे मुद्दाम लोंबत ठेवल्यासारखी दिसतात, त्यामुळे पाहणाऱ्याला तो वाऱ्याने अडकलेला कचरा वाटतो. आत मात्र मऊ गादी असते. हे सारे बांधकाम मादी एकटी करते. नर जवळच्या उंच टोकावर बसून गात असतो. विणीच्या दिवसांत त्याचे अंग निळ्या-जांभळ्या झळाळीने असे चमकते की उन्हात ते काळे की निळे हे सांगता येत नाही. अंडी बहुतेक दोन. उबवण्याचे कामही तिचेच, पंधरवड्याच्या आसपास. पिल्ले बाहेर आली की नर चारा घेऊन येऊ लागतो. हंगाम सरल्यावर त्याची झळाळी उतरते आणि छातीवरून खाली गेलेला एक गडद पट्टा सोडला तर तो मादीसारखाच दिसू लागतो.

शिंपी पक्ष्याचे घरटे शोधून सापडत नाही. रोज पाणी घालताना कर्दळीचे किंवा जास्वंदीचे एक पान जरा वाकडे दिसते, पण रोग पडला असेल म्हणून नजर पुढे सरकते. त्या पानाच्या दोन्ही कडा मागून ओढून एकत्र आणलेल्या असतात. पान लहान असेल तर दोन-तीन पाने जोडलेली असतात. चोचीच्या टोकाने कडेला सुईएवढे भोक पाडायचे, त्यातून कापसाचा किंवा जाळ्याचा धागा ओढायचा, समोरच्या कडेच्या भोकातून बाहेर काढायचा. गाठ मारलेली नसते. बाहेर आलेले धाग्याचे टोक पिंजून फुगते आणि भोकात अडकून बसते. खिळ्याचे डोके जसे पाटीला धरून ठेवते तसा तो चिमुकला पुंजका पानाला धरून ठेवतो. जवळून पाहिले तर हिरव्या पानावर पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग दिसते, टाक्यांच्या जागी. पान देठाला जोडलेलेच असल्याने हिरवे राहते, वाढतही राहते. भोके इतकी बारीक असतात की पान वाळत नाही. शिवलेल्या द्रोणात कापूस, मऊ तंतू आणि केस यांची वाटी बसवली की घर तयार.

हा पक्षी दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही. पाठ हिरवट, कपाळ तांबूस, शेपूट सदा वर. त्याच्या शास्त्रीय नावातला ‘सुटोरियस’ हा शब्द लॅटिनमधल्या मोच्यावरून आला आहे. मराठीने त्याला शिंपी केले आणि अकोटात ते नाव अधिक शोभते, कारण इथे त्याच्या धाग्याला तोटा नाही. कापसाच्या गाड्या बाजाराकडे, जिनिंगकडे जातात तेव्हा त्यांच्यातून उडालेला कापूस बोरी-बाभळींच्या काट्यांना, तारेच्या कुंपणाला, विजेच्या खांबांना लागून राहतो. वेचणी संपून महिने उलटले तरी तो तिथेच असतो, मळून करडा झालेला. एरवी हा पक्षी सावरीचा कापूस, झाडांचे तंतू, जाळी यांवर भागवतो. वऱ्हाडातल्या शिंप्याला मात्र सूत घरबसल्या मिळते. शेतकऱ्याच्या हिशेबात न धरलेल्या या कापसात किती पिल्ले निजतात, याचा विचार मनात आला की काट्याला लागलेले ते बोंडभर पांढरेपण वेगळे दिसू लागते.

होल्याचे बांधकाम याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. दहा-पंधरा काड्या आडव्या-उभ्या टाकल्या की त्याचे घरटे झाले. खालून पाहिले तर काड्यांच्या फटीतून दोन पांढरी अंडी दिसतात. विदर्भात होल्याची आवडती जागा म्हणजे कूलर. हिवाळाभर खिडकीत बंद पडलेला पत्र्याचा कूलर, त्याचा लोखंडी घोडा, वरचे सपाट छत, आतला पंख्याचा कोनाडा. मार्चअखेर उकाडा वाढतो, वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या जातात, कूलर पुसायला काढला जातो आणि मागच्या बाजूला होल्याची मादी अंग फुगवून बसलेली आढळते. ती उडत नाही. तांबड्या कडेचा डोळा मिटतसुद्धा नाही. मग घरात बोलणे होते आणि पुष्कळ घरांत कूलर आणखी तीन-चार आठवडे बंद राहतो. वऱ्हाडातल्या एप्रिलमध्ये कूलर बंद ठेवणे म्हणजे काय, हे इथे राहिलेल्या माणसालाच कळेल. पाखरांवरच्या मायेचा याहून मोठा पुरावा या भागात शोधायची गरज नाही.

चिमणीची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. धाब्याच्या घरात सरे आणि भिंत यांच्यामध्ये, आरशामागे, देवाच्या तसबिरीमागे तिची जागा ठरलेली असे. धाबी उतरली, स्लॅब आले, भिंती गुळगुळीत झाल्या आणि भोके बुजली. नाशिकच्या नेचर फॉरेव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा चिमणी दिवस म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने लाकडी खोपे टांगले जातात आणि त्यांत चिमण्या येतातही. पण खोपे ही अर्धी सोय आहे. उरलेल्या अर्ध्याचा विषय चाऱ्याच्या वेळी येईल.

सुगरणीचे नाव घेतल्यावाचून घरट्यांची हकिगत पुढे जात नाही. ती सांदवाडीत क्वचित येते. तिची वस्ती गावाबाहेर, विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर किंवा नाल्याकाठच्या शिंदीवर. मराठीने या विणकामाचे श्रेय तिच्या नावातच बाईला देऊन टाकले आहे. प्रत्यक्षात विणतो तो नर. सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला नारळी-पोफळींच्या सावलीत या पक्ष्यांच्या एका वसाहतीवर नजर ठेवून जे पाहिले ते पक्षिशास्त्रात नवे होते. नर घरटे अर्धे विणतो, टोपासारख्या आकारापर्यंत आणतो आणि थांबतो. माद्या येऊन आत-बाहेर हिंडून पाहणी करतात. एखादीला पसंत पडले की जोडी जमते, नर उरलेला बोगदा विणून देतो आणि लगेच दुसरे घरटे दुसऱ्या मादीसाठी सुरू करतो. नापसंत घरटी अर्धीच लोंबत राहतात. या निरीक्षणाला भारी साधने लागली नव्हती. एक शिडी, एक आडोसा आणि दिवसचे दिवस तिथे बसून राहण्याची तयारी, एवढ्यावर ते काम झाले. मागच्या दारातून घरटे पाहणाऱ्यालाही यातली शेवटची गोष्ट तेवढी पुरते.

घरटे झाले की मादी बहुधा रोज एक, सकाळच्या प्रहरी, अंडे घालते. लहान पाखरे संच पूर्ण होत आला की मगच उबवायला बसतात, म्हणून सगळी पिल्ले जवळपास एकाच दिवशी फुटतात. पिंगळा, घार, शिक्रा यांच्यात पहिल्या अंड्यापासून उबवणी सुरू होते आणि घरट्यात थोरले-धाकटे तयार होतात. उबवणाऱ्या पक्ष्याच्या पोटावरची पिसे गळून तिथली कातडी उघडी पडते, तीत रक्त जास्त खेळते आणि ती अंड्याला थेट टेकते. अंड्यातल्या जिवाला साधारण ३७-३८ अंशांची ऊब लागते.

आणि इथेच वऱ्हाडाचा उन्हाळा आडवा येतो. मे महिन्यात सावलीतला पारा ४४-४५ अंशांवर जातो. मेच्या अखेरीस नवतपा सुरू झाला की दुपारी रस्त्यावर कुत्रेही फिरकत नाही. हवाच अंड्यापेक्षा जास्त तापलेली असते. अशा वेळी ‘उबवणे’ हा शब्द उलटा होतो. आईबापांना अंडे थंड ठेवायचे असते. गोडलिंबातल्या घरट्यावरची बुलबुलाची मादी दुपारी अंड्यांवर बसत नाही, वर उभी राहते. पंख अंगापासून सुटे, चोच उघडी, गळा सारखा हलत असलेला. तिची सावली त्या वाटीवर बरोबर पडते आणि ऊन सरकेल तशी ती तसूतसूने फिरते. पाखरांना घाम येत नाही. चोच उघडी टाकून, गळ्यातून वाफ बाहेर सोडून ती अंग निववतात. होल्यांना कातडीतूनही पाणी बाहेर टाकता येते, त्यामुळे तापलेल्या पत्र्याजवळ बसलेला होला आपल्या अंगाच्या गारव्याने अंडी सांभाळू शकतो. पण त्याला त्यासाठी पाणी प्यावे लागते. ते मिळते कूलरच्या गळक्या नळीखाली, न्हाणीच्या नालीत, तुळशीच्या आळ्यात आणि कोणी मातीच्या परळात भरून ठेवले असेल तिथे. जोडीतला एक पाण्यावर जाऊन येईपर्यंतची दोन मिनिटे अंडी उघडी असतात. परळ घरट्यापासून किती लांब, यावर त्या अंड्यांचे पुष्कळ काही ठरते.

बुलबुलाची अंडी गुलाबीसर, त्यांवर तांबूस-तपकिरी शिंतोडे. दोन किंवा तीन. दोन आठवडे होत आले की एका सकाळी वाटीच्या तळाशी मांसाच्या गोळ्यांसारखे काहीतरी दिसते. पिसे नाहीत, डोळ्यांवर निळसर फुगीर पडदा, मान वजन पेलत नाही. तरी फांदी जराशी हलली की ते तीन गोळे एकदम उभे होतात आणि त्यांच्या जागी तीन उघडी तोंडे दिसतात, लालसर आणि कडांना पिवळ्या मांसल ओठांची झालर असलेली. अंधाऱ्या वाटीत आईबापाला चारा कुठे घालायचा हे ती झालर दाखवते. डोळे नसलेल्या पिल्लाला फांदीचा हादरा हीच आई. म्हणून माणसाने बोट लावले तरी ते तोंड उघडते, आणि म्हणूनच बोट लावू नये. चौथ्या-पाचव्या दिवशी डोळ्यांना फट पडते. अंगावर काळ्या-निळ्या सळ्या उगवतात, पिल्लू साळिंदराच्या बच्च्यासारखे दिसू लागते. मग त्या सळ्यांची टोके फुटून पिसांचे कुंचले बाहेर येतात. आठवड्याभरात वाटी अपुरी पडते. दहाव्या दिवसानंतर एकाचे डोके दुसऱ्याच्या पाठीवर आणि तिसऱ्याचा पंख काठावर, अशी ती बसतात. ज्याने रोज पाहिले त्यालाही ही वाढ खरी वाटत नाही.

या वाढीचा सगळा खर्च अळ्यांवर चालतो. बुलबुल फळे खातो, चिमणी दाणे टिपते, शिंजीर मध पितो. पण पिल्लांसाठी तिघेही किडे शोधतात, कारण स्नायू आणि पिसे घडायला जे लागते ते दाण्यात आणि मधात पुरेसे नसते. लिंबाच्या पानामागची अळी, शेवग्यावरचे किडे, वांग्यावरचे तुडतुडे, दिव्याखाली पडलेले पतंग, लहान कोळी. भरवण्याच्या ऐन दिवसांत दर पाच-दहा मिनिटांनी चोच भरून येते. सकाळी सहापासून दिवेलागणीपर्यंत हे चालू. दाणे टाकून चिमण्या जगवता येतात. चिमण्यांची पिल्ले जगवायची तर अंगणात किडा असावा लागतो. लाकडी खोपे टांगूनही काही घरांत वीण साधत नाही, तिथे आधी फवारणीच्या पंपाकडे पाहावे. संत्र्याच्या आणि कपाशीच्या या मुलखात अळी हा शत्रूचा शब्द आहे आणि शेतात तो तसा असण्याला कारणेही आहेत. पण घरामागच्या एका लिंबाच्या झाडाने कोणाचा संसार चालत नसतो. तिथे पानांना भोके दिसली तर ती कोणाच्या तरी न्याहारीची खूण समजावी.

होला या नियमाला अपवाद. त्याच्या पिल्लांना किडा लागत नाही. कबुतर-होल्यांच्या कुळात नर आणि मादी या दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून दह्यासारखा एक घट्ट पदार्थ सुटतो आणि पहिले काही दिवस पिल्ले त्यावरच वाढतात. पिल्लू आपली चोच आईबापाच्या चोचीत खुपसून तो ओढून घेते. त्यामुळे होल्याची वीण किड्यांच्या हंगामावर अडून राहत नाही. वर्षातल्या जवळपास कोणत्याही महिन्यात कूलरवर घरटे दिसते ते यामुळे.

इतके खाणारी पिल्ले घरटे घाण करत नाहीत, याचे आश्चर्य पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते. पिल्लाने चारा गिळला की ते मागे वळते, बूड वर करते आणि एक पांढरी गोळी बाहेर टाकते. ती गोळी चिकट पापुद्र्यात बांधलेली असते, पुडीसारखी. आई ती चोचीत घेऊन दूर नेऊन टाकते. पहिल्या दिवसांत तर गिळूनही टाकते. ओल आणि वास यांनी मुंग्या व साप यांना पत्ता लागतो, तो लागू नये हा त्यातला हेतू. चारा आत, पुडी बाहेर. एका फेरीत दोन कामे.

तरी पत्ता लागतोच. सांदवाडीत जन्मलेल्या पाखरांपैकी बरीच उडण्याच्या आत जातात, ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मांजर, मुंगूस, कुंपणावरचा सरडा, धामण, कावळा. भारद्वाजाला पुष्कळ घरांत शुभ मानतात. तो वेलीतून चालत चालत घरटी तपासतो आणि अंडी-पिल्ले उचलतो. त्यालाही पिल्ले असतात. ज्या घरट्यावर दहा दिवस नजर ठेवली ते एका सकाळी रिकामे दिसते, वाटीची एक कड खाली ओढलेली असते आणि बुलबुलाची जोडी फांद्यांतून नुसती ओरडत फिरते. त्या दिवशी घरातही कोणी नीट जेवत नाही. दोन-तीन दिवस गेले की तीच जोडी, किंवा तशीच दुसरी, सीताफळात काड्या नेताना दिसते. छोट्या पाखरांचे गणित वर्षात दोन-तीन विणींवर बसवलेले आहे आणि त्यात हे नुकसान धरलेले आहे.

मृगाच्या तोंडावर खेळ बदलतो. कडुलिंबावर कावळ्याने घर बांधलेले असते. घर फांदीच्या कोणत्या बाजूला आणि किती उंच आहे यावरून पावसाचा अंदाज बांधणारे जाणते अजून आहेत. कोकीळ नर त्या झाडाजवळ येऊन ओरडतो, कावळे त्याच्यामागे लागतात आणि तेवढ्यात करड्या ठिपक्यांची कोकिळा घरट्यात अंडे टाकून जाते. तिचे अंडे कावळ्याच्या अंड्यापेक्षा काही दिवस आधी फुटते, त्यामुळे चाऱ्याच्या पंक्तीत ते पिल्लू पहिले. पावशाची आणि पावसाबरोबर येणाऱ्या चातकाची नजर सातभाईंवर. सातभाईंची अंडी निळी, या पाहुण्यांचीही निळी. सातभाईंच्या थव्यात जोडी एखादीच पिल्ले घालते, पण चारा थव्यातले बाकीचेही आणतात. मागच्या वर्षीची भावंडे, काकेमामे, सगळे. मराठीने या पाखरांना भाऊ म्हटले, इंग्रजीने बहिणी. पण एकत्र कुटुंब दोन्ही भाषांनी बरोबर ओळखले. त्या सात जणांच्या कष्टावर एखादा पावशा वाढतो आणि पुढच्या वर्षी शेतकऱ्याला ‘पेर्ते व्हा’ म्हणून हाक देतो.

अकोटहून उत्तरेला वीसेक किलोमीटरवर नरनाळा किल्ला आणि पलीकडे मेळघाट. वाटेवरच्या गावाचे नावच पोपटखेड आहे. ज्याला दुर्मीळ पाखरू पाहायचे तो त्या बाजूला जातो, आणि तिथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. १८८४ नंतर कोणाला न दिसलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ सातपुड्याच्याच पायथ्याला पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही आढळला. मारुती चितमपल्ली यांची वनखात्यातली काही वर्षे याच रानात गेली आणि मराठीला पाखरांची कितीतरी नावे त्यांच्या लेखणीतून मिळाली. पण रानातला पक्षी दिसतो तो क्षणभर. पिल्लांच्या संगोपनाचा पूर्ण महिना, पहिल्या काडीपासून पहिल्या भरारीपर्यंत, पाहायचा तर पाहणाऱ्याने एका जागी राहावे लागते. ते भाग्य रानात हिंडणाऱ्यापेक्षा मागच्या दारात बसून शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्या बाईला अधिक लाभते. तिला शास्त्रीय नावे येत नसतील. कोणती मादी कोणत्या खांबावर आधी बसते आणि मग घरट्यात शिरते, हे तिला पाठ असते.

उडण्याचा दिवस गोंधळाचा असतो. पिल्लू काठावर येते, पंख फडफडवते, मागे सरकते. आईबाप चोचीत अळी धरून समोरच्या तारेवर बसतात आणि घरट्यात येतच नाहीत. भूक पिल्लाला बाहेर काढते. पहिली झेप बहुधा जमिनीवर संपते, पऱ्हाट्यांच्या ढिगात किंवा मोरीजवळ. शेपूट आखूड, कडांचा पिवळेपणा अजून ओठावर. घरातली मुले ते उचलून आणतात, खोक्यात ठेवतात, दूध-भात देतात, आणि ते सहसा मरते. माणसाचा हात लागलेले पिल्लू पाखरे घेत नाहीत, ही समजूत घट्ट रुजलेली आहे. ती खरी नाही. आईबाप पिल्लाला त्याच्या आवाजावरून आणि रूपावरून ओळखतात. हात लागला म्हणून ते सोडून जात नाहीत. पडलेले पिल्लू जवळच्या झुडपात उंचावर ठेवावे, मांजर कोंडून ठेवावे आणि दूर व्हावे. अर्ध्या तासात चारा येतो. पुढचा आठवडा-दोन आठवडे ते फांद्यांच्या आडून ओरडत राहते आणि आईबाप त्याला शोधून भरवत राहतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तर शिकारीच्या व्याख्येतच पाखरांची अंडी फोडणे आणि अंड्यांना वा घरट्याला धक्का लावणे धरले आहे. कायदा पुष्कळांना माहीत नसतो. कूलर बंद ठेवणाऱ्या घरांनी तो न वाचता पाळलेला असतो.

रिकाम्या घरट्याकडे पाखरे वळून पाहत नाहीत. बुलबुलाची वाटी पहिल्या जोरदार पावसात सैल होते. होल्याच्या काड्या वाऱ्याने खाली येतात. शिंजिराची पिशवी तारेवर पुष्कळ दिवस लोंबते, भिजते, वाळते आणि खालून फाटते. शिंप्याचे शिवलेले पान श्रावणात आजूबाजूच्या पानांसारखेच हिरवे असते. भादव्यानंतर ते पिवळे पडते आणि गळते. दिवाळीच्या आधी घराची झाडलोट निघते, तेव्हा कुंच्याखाली ते येते, कुरकुरीत झालेले. कडांना मळक्या कापसाचे टाके तसेच असतात. जी घरे ते ओळखतात, ती त्या दिवशी माजघरातली जळमटे काढतात आणि मागच्या वळचणीची राहू देतात. मार्चमध्ये ती लागणार असतात.